जिवतीच्या मांडीतली जागा

भिंतीवर चित्राखाली पाटी होती. तिच्यावर मराठीत लिहिलं होतं, ते मी दोनदा वाचलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचता येतं. लिहिलं होतं, 'रिकामी मांडी. मातृत्वाच्या पोकळीचं प्रतीक.' वर काचेत मी काढलेलं चित्र. जिवतीचं. आणि माझ्या बाजूला उभी होती माझी शेजारीण. चित्र तिच्या घरातून आलं होतं. तिला मूल नाही. वाचता तिलाही येतं, माझ्यापेक्षा जास्तच शिकलीय.

त्यात एवढं रागावण्यासारखं काय, असं नंतर मला घरच्यांनीच विचारलं. विचारणाऱ्यांना उत्तर देऊन देऊन कंटाळले. एकदाच लिहून टाकते.

श्रावणात शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा करतात. मुलांनी जगावं, एवढंच मागणं. बाजारात तिचा छापील कागद मिळतो. वर नरसिंह खांबातून बाहेर येतोय, बाजूला कृष्ण कालियाच्या डोक्यावर. मधे दोन बायका, जरा आणि जिवंतिका, त्यांच्या मांडीवर आणि अंगाखांद्यावर पोरं. खाली बुध हत्तीवर आणि बृहस्पती वाघावर. हा कागद देव्हाऱ्याजवळ भिंतीला चिकटवायचा, आघाड्याची आणि दुर्वांची माळ घालायची, चणे-फुटाणे ठेवायचे, मुलांना ओवाळायचं. जी मुलं घरात नसतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा आमच्या खोलीच्या नेमक्या त्याच भिंतीत गळती होती. पुढे माझा मोठा मुलगा तान्हा असतानाची गोष्ट. शुक्रवारी सकाळी बघते तर जिवतीचा कागद भिजून निम्मा खाली आलेला, आणि नरसिंहाचा रंग उतरून कृष्णावर गेलेला. सासू कपाळाला हात लावून बसली. दुकानातले कागद संपले होते. मी जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. कपड्यांची नीळ, गेरू, हळद आणि मुलाचं काजळ, एवढंच घरात होतं. सासू म्हणाली, "वाघाला कुत्र्याचं तोंड आलंय, पण चालेल. देवाला कळतं."

तेव्हापासून मी कागद विकत आणला नाही. बाजारातला कागद मला आधीपासूनच आवडत नव्हता. त्यातली पोरं गोरी, गुबगुबीत, एकाच साच्यातली. आमच्या गॅलरीत तसलं एकही पोर नव्हतं. मग मजल्यावरच्या बायका मागायला लागल्या. मी ज्या घरचं चित्र त्या घरची पोरं त्यात काढायची. जिला चार तिला चार. एकाच्या नाकाला कायम शेंबूड असायचा, त्याला शेंबडासकट काढला. त्याची आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, पण चित्र तिने लावलं.

मला चित्रकला येत नाही हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलेय. हात मला आजही जमत नाहीत, बोटांचा केळीचा फणा होतो. म्हणून माझ्या बायकांचे हात पदराखाली असतात. माझा नरसिंह चाळीतल्या बोक्यावरून घेतलाय. राणीच्या बागेत सिंह बघायला गेले होते, पण तो आमच्याकडे पाठ करून झोपला होता. श्रावण संपला की जुनं चित्र निर्माल्यात जायचं. पुढच्या वर्षी नवीन. एखादं चांगलं उतरलं तरी ठेवायचं कशाला?

फक्त एका घरातलं चित्र कधी निर्माल्यात गेलं नाही. ते माझ्या शेजारणीचं.

ती लग्न होऊन आली माझ्यानंतर. मालवणकडची. बडबडी, हाताला चव असलेली, भांडायला पटाईत. लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून तिच्या सासूने तिला जिवतीला बसवली. चित्र माझ्याकडून मागवलं. मी दोन्ही बायका काढल्या. एकीच्या मांडीवर देवाचं म्हणून एक बाळ काढलं. दुसरीची मांडी काढली आणि हात थांबवला. घरात पोर नाही, तर काढू कोणाचं? दुसऱ्याचं काढून द्यायचं का? मी तशीच जागा सोडली आणि तिला सांगितलं, "ही जागा ठेवलीय. झालं की मला सांग, येऊन काढून देईन."

पुढच्या श्रावणात मी नवीन कागद घेऊन गेले. ती म्हणाली, "नको. हाच असू दे. ह्याच्यातली जागा आधी भरू दे."

ती भरली नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, सासू गेली, वय गेलं. मात्र तेच चित्र तिने बारा महिने भिंतीवर ठेवलं, आणि दर श्रावणात पूजेच्या वेळी जिवतीला कुंकू लावून झालं की एक बोट त्या मांडीतल्या जागेवर टेकवायची. वर्षानुवर्षं कुंकवाचं बोट एकाच ठिकाणी टेकलं की कागद किती टिकणार? तिथे भोक पडलं. भोकातून मागची भिंत दिसायची. भिंत निळी होती तेव्हा मांडीत निळं, नंतर त्यांनी गुलाबी रंग काढला तेव्हा गुलाबी. मी एकदा म्हटलं, "मागून कागदाचा तुकडा चिकटवून देते." तिने मला अशी उडवून लावली की पुन्हा विषय काढला नाही.

आता ती प्रदर्शनवाली मुलगी, मी तिला चित्रवाली म्हणते. हा सगळा उपद्व्याप माझ्या सुनेचा. तिने माझ्या चित्राचा फोटो मोबाइलवर टाकला, तो कोणी कोणाला पाठवला, आणि एक दिवस ही मुलगी खोलीत येऊन चटईवर बसली. पस्तिशीची असेल. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत त्यांचा हॉल आहे, तिथे न शिकलेल्या माणसांची चित्रं लावतात. मी म्हटलं, "शिकलेल्यांची संपली काय?" ती हसली. मुलगी वाईट नव्हती, ते आधीच सांगते. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

"आजी, या बायकांचे हात तुम्ही पदरात झाकलेत. शक्ती झाकून ठेवलीय, असं काही आहे का?"

"मला हात काढता येत नाहीत."

"बरं. पण तुम्ही हिरवा रंग कुठेच वापरत नाही."

हे मला ठाऊक होतं. आता हिला सांगू, म्हणून मी सरसावून बसले. तर तीच म्हणाली, "जिवतीच्या व्रताला हिरवं चालत नाही म्हणून ना? माझी आजी श्रावणात हिरव्या बांगड्या काढून ठेवायची." माझं सांगायचं राहूनच गेलं. मला उगाच राग आला.

तिने येत्या श्रावणासाठी काढून ठेवलेली माझी दोन-तीन चित्रं घेतली. शेजारीण दारात उभी राहून ऐकत होती. तीच म्हणाली, "गो चेडवा, माझा पण ने की. जुना आसा माझा, वयनीच्या हातचा सगळ्यात जुना." स्वतः गेली, भिंतीवरून अलगद सोडवून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त हौस. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. चित्र काढलं मी, पण कागद तिचा.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी टॅक्सी करून गेलो. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. हॉलमध्ये माणसं बरीच. भिंती पांढऱ्याफेक. आमची चित्रं काचेत बसवून टांगलेली, प्रत्येकावर वेगळा दिवा. माझा बोक्याच्या तोंडाचा नरसिंह दिव्याखाली असा काही दिसत होता की मलाच हसू आलं. शेजारीणही हसली. म्हणाली, "वयनी, ह्यो आपलो मुडदूस बोको मोठो माणूस झालो!"

मग आम्ही तिच्या चित्रापाशी आलो.

काचेच्या मागे पांढरा पुठ्ठा होता. मांडीतल्या भोकातून पांढरं दिसत होतं. खाली ती पाटी. आणि चित्रवाली दहा-बारा माणसांना समजावून सांगत होती. तिचा आवाज भरून आला होता, खोटा नव्हता. "जिवती ही मातृत्वाची देवता. इथे मात्र चित्रकर्तीने एका मातेची मांडी रिकामी ठेवली आहे. आणि ती नुसती रिकामी नाही, फाटलेली आहे. हे चित्र ज्या घरात होतं, त्या घरात मूल नव्हतं. एक आयुष्यभराची पोकळी..."

तिला हे सांगितलं सुनेने, हे मला नंतर कळलं. सुनेला वाटलं त्यात काय एवढं, सगळ्या मजल्याला माहीत आहे. मजल्याला माहीत असणं आणि गिरगावातल्या भिंतीवर दिवा लावून लिहिणं, यात तिला फरक दिसला नाही.

शेजारीण चपला घालून खाली गेली. टॅक्सीत मी म्हटलं, "अगं, तिला काय कळतंय."  भायखळ्याला सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पदराने कपाळाचं कुंकू नीट केलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं दार बंद. आमच्या चाळीत दिवसा दार लावून घेणं म्हणजे कोणीतरी आजारी किंवा कोणावर तरी रुसलेलं. आजारी ती नव्हती. आतून खोबरं वाटल्याचा आवाज येत होता.

मी बसने गिरगावात गेले. सून म्हणाली, फोन करा. फोनवर मला भांडता येत नाही.

"ते चित्र उतरव."

"आजी, काय झालं? तेच चित्र लोकांना सर्वात जास्त भिडतंय."

"ते भिडायला काढलेलं नाही. पूजेला काढलंय."

"मला ते बघून पहिल्या दिवशी रडू आलं होतं."

"मग रडायचंस. लिहिलंस कशाला?"

तिने पाटीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर उतरवते. पण पाटी चुकली असेल तर पाटी बदलूया ना. तुम्ही सांगा. त्या जागेचा अर्थ काय?"

अर्थ! हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं. चित्र भिंतीवर असतं तेव्हा जिवतीला कोणी अर्थ विचारत नाही. फुलं वाहतात, चणे ठेवतात, मुलं चणे पळवतात. काचेत घातली की लगेच अर्थ. हत्तीचा अर्थ, वाघाचा अर्थ, बोक्याचा अर्थ. मला एकाने विचारलं होतं की माझा बृहस्पती रागीट का. मी काय सांगू? काजळ ओघळलं होतं. पण मांडीतली जागा काजळ ओघळून झालेली नव्हती, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी गडबडले. म्हटलं, "मला काय विचारतेस? जिचं आहे तिला विचारून सांगते."

आता वाटतं, तिथेच म्हणायला हवं होतं, उतरव आणि दे इकडे.

संध्याकाळी शेजारणीचं दार ढकललं. ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"चित्र परत आणू का?"

"आता आणून काय करतलंस? वाचला सगळ्यांनी."

"मग पाटी बदलायला सांगते. ती विचारते, काय लिहू."

"माका विचारतंस? तू काढलंस, तूच सांग की. तूच रिकामी ठेवलंस ना?"

"मी रिकामी म्हटलं नव्हतं."

"नाय म्हटलंस. तू म्हटलंस, जागा ठेवलीय." तिने ताट बाजूला सारलं. "वयनी, पूर्वी आपण नळावर हंडे लावायचो. पाणी येवच्या आधी हंडो ठेवून घरात येवचा. त्या जाग्यार कोण नसायचा. पण कोणी म्हटला काय की जागा रिकामी आसा? उचलून बघ म्हणावा कोणाचो हंडो, झिंज्या उपटल्या असत्या. ती जागा ज्याची त्याची. पाणी इला नाय, तो भाग वेगळो."

  इतकी वर्षं मी ते भोक बघत होते आणि कागद चिकटवून देते म्हणत होते.

"तुला त्याच्यात काय दिसायचं?" मी विचारलं.

"ता माझा माका," ती म्हणाली, आणि परत तांदूळ निवडायला लागली. पण मी उठले तेव्हा तिने मला वाटीभर सोलकढी दिली. म्हणजे निवळली होती. तिथे गोष्ट थांबली असती.

रात्रीच्या जेवणाआधी चित्रवालीचा फोन आला, पाटीचं काय म्हणून. मी तिला हंड्याचं सगळं सांगितलं. तिला चूक कळावी म्हणून सांगितलं. शिवाय बोलणं चांगलं होतं, माझं नव्हतं तरी. चांगलं बोलणं पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. त्या मुलीने हंड्याचं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आजी, हे फार मोठं आहे."

मोठं आहे म्हटल्यावर तरी मला शुद्ध यायला हवी होती.

दोन दिवसांनी सुनेने मोबाइल माझ्यासमोर धरला. नवीन पाटी. 'राखलेली जागा.' त्याखाली पहिल्या पाटीच्या तिप्पट मजकूर. गिरणगावातल्या बायका नळावर हंडे लावून नंबर राखत, त्याप्रमाणे या भक्ताने देवीच्या मांडीत आपल्या न आलेल्या बाळाचा नंबर राखला, वगैरे. शेवटी, 'पाणी आलं नाही, तो भाग वेगळा.' शेजारणीचंच वाक्य, चक्क अवतरणात, फक्त शुद्ध मराठीत. आणि चित्राच्या बाजूला कुठून तरी आणून पितळेचा एक हंडा ठेवलेला, त्याच्यावरही दिवा. लोक हंड्यापाशी उभे राहून फोटो काढत होते. एका बाईने लिहिलं होतं, रडले. खाली आणखी बायकांनी लिहिलं होतं, आम्हीही.

मी सुनेला म्हटलं, "हे बाजूला कोणाला दाखवू नकोस." ती म्हणाली, "आई, बाजूच्या काकूंनीच मला पाठवलंय. त्यांच्या पुतण्याने त्यांना दाखवलं."

शेजारीण भांडायला येईल म्हणून मी दिवसभर घरात बसले. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गॅलरीत कपडे वाळत घालताना समोर आली आणि एवढंच म्हणाली, "वयनी, तुज्या पोटात काय ऱ्हवत नाय." आणि चिमटे लावत पुढे गेली.

चित्रवालीला मी खूप बोलले. तीही वैतागली. "आजी, तुम्हीच सांगितलंत. आधीचं चूक होतं म्हणालात, मी बदललं. आता बरोबर आहे तर तेही नको. मी करू तरी काय?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चूक लिहिलं तेव्हा शेजारणीला राग आला. बरोबर लिहिलं तेव्हा तिच्याकडे राग येण्याएवढंही काही उरलं नाही. हे त्या मुलीला कसं समजवायचं? मला स्वतःला समजायला वेळ लागला.

प्रदर्शन संपल्यावर तिने चित्र काच आणि फ्रेमसकट आणून दिलं. मी ते शेजारणीकडे घेऊन गेले. ती हात न लावता म्हणाली, "तुज्याकडेच ठेव. माज्या भिंतीक खिळो नाय." तेव्हापासून ते आमच्या कपाटामागे उभं आहे. निर्माल्यात टाकायचं तर आधी काच फोडावी लागेल, आणि भिंतीवर लावलं तर मी कोणासाठी लावू?

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. माझे यजमान गेल्यापासून मजल्यावरच्या बाकीच्या बायका मला जिवतीच्या हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. रीत आहे, मला त्याचं काही नाही. पण शेजारीण दर वर्षी दारातून हाक मारायची, "वयनी, ये गो! चित्र तुजा, पयला दूध तुजा!" या वर्षी हाक आली नाही. बायका गजरे माळून माझ्या दारावरून तिच्याकडे गेल्या, हसण्याचे आवाज आले. मी बोलावण्याची वाट बघत बसणाऱ्यातली नाही. साडी बदलली आणि गेले.

भिंतीवर छापील कागद होता. नवा कोरा, चकचकीत. दोन्ही बायकांच्या मांडीवर पोरं, खांद्यावर पोरं, पायाशी पोरं, सगळी गोरी आणि गुबगुबीत. आघाड्याची माळ नीट घातलेली. ती कुंकू लावत होती. जिवतीला लावलं, नरसिंहाला लावलं, आणि हात मागे घेतला. बोट कुठेही टेकवलं नाही.

"आलंस? बस," ती म्हणाली.

"कागद कुठून आणलास?"

"दादरसून. फुलवाल्यांकडे."

"पोरं बघ कशी. पावाच्या लादीसारखी. एकाला नाक नाही धड."

"असू दे," ती म्हणाली. "मांडीत कोण तरी बसलेला आसा. बघून कोण काय विचारीत नाय."

बायकांना तिने दूध वाटलं, फुटाणे वाटले, ओटीत फुलं घातली. मला दूध दिलं ते सगळ्यांत शेवटी. त्यात साखर नव्हती. ती विसरली असेल, असं मला वाटत नाही. मी पेला रिकामा केला आणि तिथेच बसून राहिले. बायका गेल्या तरी उठले नाही. तीही उठ म्हणाली नाही.